टाकाऊ बाटलीचा बर्ड फीडर

एक लिटरची पाण्याची बाटली, दोन जुन्या लाकडी पळ्या, थोडी तार आणि एक खिळा एवढ्या सामानात पक्ष्यांचा फीडर अर्ध्या तासात होतो. मी तो दिवाळीच्या सुट्टीत कुंभकोणमला आमच्या घरी केला आणि आठवड्याच्या आत तो फसला. का फसला, हे करून पाहणाऱ्यांनी आधी वाचावे.

कृती अशी. बाटलीच्या तळापासून चार बोटे वर, समोरासमोर दोन भोके पाडावीत. एक पळीच्या दांड्याएवढे, दुसरे साधारण दीड सेंटिमीटरचे. दांडा मोठ्या भोकातून आत घालून लहान भोकातून बाहेर काढावा. पळीचा खोलगट भाग मोठ्या भोकाला लागून बाहेर राहतो, दाणे त्यात घरंगळतात; पलीकडचा दांडा चिमणीला बसायला होतो. दुसरी पळी काटकोनात, दोन बोटे वर. बाटलीत तांदळाची कणी किंवा बाजरी भरावी आणि गळ्याला तार बांधून टांगावी. खिळा तापवून भोके पाडायची असतात, तेव्हा पकड वापरा आणि घरातले मोठे माणूस जवळ असू द्या.

आता चूक. महाराष्ट्रात दिवाळीपर्यंत पाऊस बहुधा उघडलेला असतो. कावेरीच्या काठी उलटे आहे: तिथला मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. दोन दिवसांच्या झडीत पळी वाटीसारखी भरली आणि पाणी भोकातून मागे बाटलीत शिरले. कणी फुगून भोक बुजले. चौथ्या दिवशी आत हिरवट-काळी बुरशी, आणि चिमण्या तरीही त्याच भोकाशी चोच मारत होत्या! मी धावत जाऊन बाटली उतरवली. ॲस्परजिलस जातीची बुरशी अशा ओल्या दाण्यांवर वाढते आणि तिच्यामुळे पक्ष्यांना फुप्फुसांचा रोग होतो. माझे अन्नछत्र त्यांच्या जिवावर उठले असते.

दुरुस्ती म्हणून पळीच्या खोलगट भागाला एक भोक, बाटलीच्या तळाला सात बारीक भोके आणि वर जुन्या ताटलीचे छप्पर केले. दाणे मात्र रोज मूठभरच घालायचे, संध्याकाळी उरलेले काढून टाकायचे. मग लिटरभर बाटली हवी कशाला?

आजी हेच म्हणाली. "एवढी खटपट कशाला रे? करवंटी घे." नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो खिळ्याने सहज फुटतो. डोळ्यांकडची अर्धी करवंटी, कडेला तीन भोके, काथ्याची दोरी. पाणी डोळ्यातून निथळते आणि मूठभर दाण्यांपेक्षा जास्त मावतच नाही. त्या भागात दारावर भाताच्या लोंब्यांची जुडी टांगायची पद्धत आहे. ती भिजली तरी वाऱ्याने सुकते.

करवंटी मांजराची उडी पोचणार नाही इतकी उंच बांधा आणि आठवड्याला गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. चिमणीची पिल्ले दाण्यांवर नव्हे, अळ्या-किड्यांवर वाढतात, म्हणून जवळच्या झाडांवर औषध फवारू नका. २० मार्चच्या जागतिक चिमणी दिनाला वसतिगृहाबाहेर फीडर टांगायचे ठरले, तर मी करवंटीच टांगणार.

बाटली आता आजीच्या कोथिंबिरीला पाणी घालायच्या कामी आली आहे. तळाला सात भोके आहेतच.