त्वचारोगाचे निदान आणि रुग्णाची हकीकत

त्वचेचा विकार डोळ्यांना दिसतो. म्हणून तो पाहताक्षणीच ओळखता येतो, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः एकसारखे दिसणारे चट्टे भिन्न रोगांचे असू शकतात. त्यांतील भेद पुष्कळदा रुग्णाच्या हकीकतीतूनच उलगडतो.

विकार केव्हा व कोठे सुरू झाला आणि कसा पसरला, हे प्रथम विचारावे. त्यानंतर खाजेचा प्रश्न येतो. खाज रात्री वाढत असेल व घरातील इतरांनाही सुटली असेल, तर खरजेची शंका घ्यावी. अशा वेळी सर्व कुटुंबीयांवर एकाच वेळी उपचार करणे आवश्यक असते.

व्यवसायाची चौकशीही तितकीच महत्त्वाची होय. गाजरगवताच्या संपर्काने शेतकऱ्याच्या पापण्यांवर व मानेवर, तर सिमेंटमुळे गवंड्याच्या हातांवर इसब उद्भवू शकते. काम बंद असताना त्रास कमी होतो काय, या एका प्रश्नाने कारणाचा माग लागतो.

पूर्वी केलेले उपचार रुग्णाने लपवू नयेत. नायट्यावर स्टिरॉईडयुक्त मलम लावल्यास खाज तात्पुरती शमते. परंतु बुरशी फोफावते आणि चट्ट्याचे मूळ रूप पालटते. यास्तव वापरलेल्या मलमाची नळी सोबत न्यावी.

कुष्ठरोगात मात्र तक्रार नसणे हीच खूण ठरते. फिकट वा तांबूस चट्टा सहसा खाजत नाही, दुखत नाही. म्हणून रुग्ण त्याविषयी बोलतच नाही. तेथे स्पर्श कळतो काय, ऊन-गार समजते काय, पायातील चप्पल नकळत निसटते काय, हे आवर्जून विचारावे. लक्षणे प्रकट होण्यास सरासरी ५ वर्षे, क्वचित २० वर्षेही लागतात. त्यामुळे घरातील जुन्या रुग्णाचीही माहिती घ्यावी. शासकीय आरोग्य केंद्रात ६ किंवा १२ महिन्यांचा औषधोपचार विनामूल्य मिळतो व रोग पूर्ण बरा होतो. तथापि विलंबाने आलेले अपंगत्व मागे राहू शकते.

ही विचारपूस एकांतात व्हावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यास वर्गासमक्ष असे प्रश्न विचारू नयेत. पालकांना विश्वासात घेऊन त्यास आरोग्य केंद्रात पाठवावे. लज्जेपोटी दडवलेले एक उत्तर हातापायांची कायमची हानी करू शकते.