शोरूमचे 15 पैसे आणि घरमालकाचा मीटर

प्रश्न : मी भोसरीत भाड्याच्या खोलीत राहतो, नोकरी चाकणला. जाऊन-येऊन रोज 40 किलोमीटर. जुनी 100 सीसी गाडी आता सारखी गॅरेज दाखवते. कर्ज काढून इलेक्ट्रिक मोटरसायकल घ्यावी असं मनात आहे. शोरूमवाले म्हणतात, किलोमीटरला 15 पैसे पडतात आणि व्याजावर करसवलतही मिळते. खरं का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : करसवलतीचं आधी संपवू. प्राप्तिकर कायद्यातलं कलम 80ईईबी 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2023 या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरतंच होतं. तुम्हाला त्यातलं काही मिळणार नाही.

सव्वातीन युनिटच्या बॅटरीवर दीडशे किलोमीटर आणि वीज सगळ्यात स्वस्त टप्प्यातली, असं धरलं की 15 पैसे निघतात. वाटेतल्या मोशीच्या ट्रॅफिकमध्ये मात्र नव्वद-शंभर किलोमीटरच धरा. चार्जिंगमध्ये थोडी वीज वायाही जाते. महिन्याच्या हजार किलोमीटरला साधारण 40 युनिट लागतील. घरमालकाचं बिल आधीच 100 युनिटच्या वर असेल, तर तुमचे 40 युनिट महागड्या टप्प्यात पडतील. तिथे युनिटला 12-13 रुपये धरले तर महिन्याला 500 रुपये, म्हणजे किलोमीटरला 50 पैसे. पेट्रोल 104 रुपये आणि मायलेज 60 धरलं, तर तेवढ्याच अंतराला 1,730 रुपये लागतात. शोरूमचा आकडा खोटा ठरला, तरी बाराशे रुपये वाचतातच.

इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी 5 टक्केच आहे, तरी चांगल्या बॅटरीची मोटरसायकल साध्या पेट्रोल गाडीपेक्षा महागच पडते. दोन्हींची ऑन-रोड कोटेशनं शेजारी ठेवा. फरक 30,000 निघाला, तर वाढीव व्याज धरूनही अडीच वर्षांत फिटेल. तुमच्याच जागी रोज 10 किलोमीटर जाणारा कोणी असता, तर त्याला मी पेट्रोलचीच गाडी घ्या म्हटलं असतं. त्याचा फरक फिटायला व्याज न धरताही आठ वर्षं लागली असती आणि तोवर बॅटरीच बदलायची वेळ आली असती. बॅटरीची वॉरंटी वर्षं आणि किलोमीटर यांपैकी जे आधी संपेल तिथवर असते. तुमचे वर्षाला 12,000 किलोमीटर होतात, तेव्हा किलोमीटरचा आकडा वाचा आणि नव्या बॅटरीची आजची किंमत लेखी मागा.

बुकिंगआधी घरमालकाशी बोला. चार्जिंगला वेगळा सब-मीटर लावून घ्या, युनिटचा दरही ठरवून ठेवा. ‘गाडीचे महिन्याला हजार द्या’ असा ठोक भाव कबूल केलात, तर बचतीतले 500 रुपये दरमहा त्यांच्याच खिशात जातील.