शिकवायला जाणाऱ्याने आधी शिकायला बसावे
(मिशन रविवारनिमित्त अभ्यासलेख)



दरवर्षी ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसरा रविवार ख्रिस्तसभा मिशन रविवार म्हणून पाळते. १९२६ साली पोप अकरावे पायस यांनी ही प्रथा सुरू केली. त्या दिवशी आपण प्रार्थना करतो, दानपेटीत यथाशक्ती टाकतो आणि घरी जातो. पैसे कुठे गेले, कोणाच्या उपयोगी पडले आणि त्या पैशांच्या दुसऱ्या टोकाला कोण माणूस उभा आहे, याचा विचार फारसा होत नाही. या पाठात आपण त्या माणसाला समजून घेऊ. तो आहे आफ्रिकेत राहून शिकवणारा मिशनरी शिक्षक. धर्मगुरू असो, धर्मभगिनी असो वा प्रापंचिक, त्याचे रोजचे जगणे कसे असते? आणि चंदगडसारख्या डोंगराळ तालुक्यात राहणाऱ्या आपणा भाविकांना त्यातून काय घेता येईल?

पवित्र शास्त्रातील पाठ

घरी प्रेषितांची कृत्ये ८:२६-४० हा उतारा अवश्य वाचा. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार यरुशलेमहून परत चालला आहे. रथात बसून तो यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचतो आहे. पवित्र आत्मा फिलिपला त्या रथाकडे पाठवतो. फिलिपने काय केले, ते क्रमाने पाहू. तो धावत रथापाशी गेला. खजिनदार काय वाचतो आहे ते त्याने आधी ऐकले. मग वाचलेले समजते का, असे विचारले. बोलावल्यावरच तो रथात चढला आणि शेजारी बसला. ज्या ओळीपाशी तो परदेशी माणूस अडला होता, तिथूनच त्याने येशूची शुभवार्ता सांगायला सुरुवात केली.

म्हणजे आफ्रिकेतील एका माणसाला मिळालेला हा पहिला ख्रिस्ती पाठ रस्त्यावर, शेजारी बसून आणि त्याच्याच प्रश्नापासून सुरू झाला. मत्तय २८:१९-२० मध्ये प्रभूने सर्व राष्ट्रांना शिकवण्याची आज्ञा दिली आहे. ती कशी पाळायची, ते फिलिप दाखवतो.

गोव्याहून इथिओपियाला

हा मार्ग आपल्या भागाला नवा नाही. आपल्या घाटाखालच्या गोव्यातून सोळाव्या शतकापासून मिशनरी आफ्रिकेकडे जात होते. इथिओपियात पोर्तुगीज वंशाची काही कॅथलिक कुटुंबे होती. १५९७ साली त्यांचे शेवटचे धर्मगुरू वारले. लाल समुद्रावरचे मसावा बंदर तुर्कांच्या ताब्यात होते आणि युरोपियन धर्मगुरू दिसला की त्याला पकडत किंवा मारत. तेव्हा १५९८ साली गोव्याहून बेल्शियोर द सिल्वा या भारतीय धर्मगुरूंना पाठवण्यात आले. त्यांचा वर्ण आणि वेश पाहून कोणाला संशय येणार नव्हता. ते सुखरूप पोहोचले आणि पुढची काही वर्षे त्या मेंढरांना त्यांनी एकट्याने सांभाळले. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांचे नाव सहसा ऐकू येत नाही. ते यायला हवे.

त्यांच्यानंतर गेले फादर पेद्रो पाएझ. हे स्पेनचे येशूसंघीय. १५८९ साली गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि लगेच ते इथिओपियाला निघाले. वाटेत अरबस्तानच्या किनाऱ्यावर ते पकडले गेले. सुमारे सात वर्षे ते येमेनमध्ये कैदेत होते. त्यातला काही काळ साखळदंडात जखडून त्यांना गलबतावर वल्ही मारावी लागली. १५९६ साली सुटका होऊन ते गोव्याला परतले. प्रकृती खचली होती, तरी १६०३ साली दीवहून ते पुन्हा निघाले. या वेळी वेश आर्मेनियन माणसाचा होता. कैदेत शिकलेली अरबी भाषा वाटेत कामी आली.

इथिओपियात फ्रेमोना या गावी पोहोचल्यावर पाएझ यांनी आधी भाषा शिकायला घेतल्या. लोकांची अम्हारिक आणि धर्मग्रंथांची गीझ, अशा दोन्ही. मग तिथल्या माणसांच्या मदतीने प्रश्नोत्तरांचे धर्मशिक्षणाचे छोटे पुस्तक अम्हारिकमध्ये केले आणि मुलांना शिकवले. पुढे बादशहा झा देंगेल याने त्यांना दरबारात बोलावले, तेव्हा मोठमोठ्या पंडितांसमोर त्या मुलांनी आपल्या भाषेत श्रद्धेची उत्तरे धडाधड सांगितली. दरबार थक्क झाला. पाएझ यांनी पुढे हातात हातोडी-छिन्नी घेऊन लोकांना दगडी बांधकाम शिकवले आणि त्या देशाचा मोठा इतिहास लिहिला. १६२२ साली ते तिथेच वारले. तोपर्यंत बादशहा सुसेनियोस यानेही कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती.

मराठी ख्रिस्ती माणसाला ही रीत ओळखीची वाटेल. साधारण त्याच काळात इंग्लंडहून आलेले फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आपली भाषा शिकत होते. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. परक्या देशातून आलेला शिक्षक आपल्या पूर्वजांच्या भाषेचा विद्यार्थी झाला, म्हणून शुभवर्तमान मराठीत आपल्या कानी पडले.

जे जोडले ते का तुटले?

हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. पाएझ यांच्यानंतर १६२५ साली पॅट्रिआर्क अफोंसो मेंडेस इथिओपियात आले. ते विद्वान होते, पण घाईत होते. इथिओपियाचे लोक बाराशे वर्षांहून अधिक काळ ख्रिस्ती होते. त्यांचे उपवास, त्यांची उपासना, शनिवार पाळण्याची त्यांची रीत हे सगळे एकदम बदलायचे फर्मान निघाले. त्यांच्या धर्मगुरूंना पुन्हा दीक्षा घ्यायला लावली, लोकांना पुन्हा स्नानसंस्कार दिला. राजसत्तेचा जोर पाठीशी होता. परिणामी देशभर बंडे झाली, रक्त सांडले. शेवटी १६३२ साली सुसेनियोसने लोकांना त्यांचा जुना धर्मपंथ परत दिला आणि गादी सोडली. त्यानंतर थोड्याच काळात येशूसंघीयांना देशाबाहेर घालवण्यात आले. वीस वर्षांच्या मेहनतीचे फळ दहा वर्षांच्या आत गेले.

पाएझ आणि मेंडेस दोघेही एकाच संघाचे होते, दोघांची श्रद्धा एकच होती. पाएझ लोकांकडून शिकत शिकत शिकवत होते, तर मेंडेस हुकूम देत होते. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली मिशनकार्यावरील आपल्या आदेशपत्रात, मिशनऱ्याने लोकांची भाषा, चालीरीती आणि वारसा आदराने जाणून घ्यावा, असे सांगितले. इथिओपियाच्या इतिहासाने हा धडा फार महाग किमतीत आधीच दिला होता.

आजच्या शिक्षकाचा दिवस

आज आफ्रिकेत शिकवणाऱ्यांमध्ये भारतीय धर्मगुरू आणि धर्मभगिनी मोठ्या संख्येने आहेत. टांझानियाचेच उदाहरण घेऊ. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिली भाषेत चालतात आणि माध्यमिक शिक्षण इंग्रजीत होते. मराठी शाळेतून एकदम इंग्रजीत गेलेल्या आपल्या मुलाची जी तारांबळ उडते, तीच तिथल्या मुलांची. म्हणून नव्या शिक्षकाचे पहिले काही महिने स्वाहिली शिकण्यातच जातात. आपल्या माणसाला तिथे काही शब्द ओळखीचे भेटतात. पैशाला पेसा, गाडीला गारी, दुकानाला दुका, विम्याला बिमा, लाखाला लाकी. चहा आणि चपातीही आहेच. शेकडो वर्षांच्या व्यापाराने हे शब्द तिकडे नेले.

दिवस पहाटे मिस्सेने सुरू होतो. स्वाहिलीत वेळ सूर्योदयापासून मोजतात. आपण सकाळचे सात म्हणतो, तेव्हा तिथे एक वाजलेला असतो. हे अंगवळणी पडेपर्यंत नव्या माणसाची गडबड होते. शाळेत मुले आवार झाडतात, ओळीत उभी राहतात. मोठ्यांना ‘शिकामू’ म्हणून आदराने अभिवादन करतात आणि मोठ्यांनी ‘मरहाबा’ म्हणायचे असते. एका वर्गात साठ-सत्तर मुले असणे नवलाचे नाही. पुस्तके कमी, म्हणून फळ्यावर लिहायचे आणि मुलांनी उतरवून घ्यायचे. काही मुले लांबून चालत येतात, काही पाणी भरून मग येतात. सकाळी पातळ पेज, दुपारी मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली आणि घेवडा. शिक्षकही तेच जेवतो. दुपारनंतर शाळेच्या शेतात काम असते. मलेरिया कधी गाठेल सांगता येत नाही, म्हणून रात्री मच्छरदाणी चुकवायची नाही.

खरा त्रास मात्र अंगाला होत नाही, मनाला होतो. घरी आई आजारी असते, बहिणीचे लग्न ठरते आणि रजा काही वर्षांनी एकदा मिळते. पूर्वी पत्र पोहोचायला आठवडे लागत. आता मोबाईलवर चेहरा दिसतो, पण मातीला जाता येत नाही. अशा वेळी त्याला आधार देतात ती शेजारची माणसे. पूर्व आफ्रिकेच्या बिशपांनी १९७० च्या दशकात लहान ख्रिस्ती समूहांना आपल्या कार्यात अग्रक्रम दिला. दहा-पंधरा घरे आठवड्याला एकत्र येतात, शुभवर्तमान वाचतात, आजाऱ्याची विचारपूस करतात. परदेशी शिक्षकही त्या वर्तुळात जमिनीवर बसतो. शिकवायला आलेल्याला तिथे प्रार्थना करायला शिकवले जाते.

स्वाहिलीत शिक्षकाला ‘म्वालिमू’ म्हणतात. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे कॅथलिक शाळांत शिकवणारे भाविक शिक्षक. राष्ट्रप्रमुख झाले तरी लोक त्यांना म्वालिमूच म्हणत राहिले. त्यांना धन्यवादित घोषित करण्याची प्रक्रिया मुसोमा धर्मप्रांताने २००५ साली सुरू केली. एखाद्या देशाने आपल्या पुढाऱ्याला ‘गुरुजी’ हीच सर्वांत मोठी पदवी द्यावी, यावरून तिथे शिक्षकाचे स्थान कळते.

आफ्रिका आपल्या दारात

आफ्रिका आपल्याला वाटते तितकी लांब नाही. आपल्या ताटातली नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. आपण तिची भाकरी आणि आंबील करतो, तिकडे तिची पेज करतात. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून सोळाव्या शतकात गोव्याला आणला आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही नेला. आज टांझानियाचा कच्चा काजू भारतातल्या कारखान्यांत फोडला जातो. चंदगडच्या माणसाला काजूचे मोल वेगळे सांगायला नको.

नाचणी आणि काजूखेरीज माणसेही आली, पण ती आपखुशीने आली नाहीत. बेळगावच्या पलीकडे खानापूर, हल्याळ, यल्लापूरच्या रानात सिद्दी समाज राहतो. यांच्यातील अनेकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. गोव्याच्या मठांतही गुलाम होते, हे सत्य आपण लपवू नये. बरेच जण पळून घाटावरच्या जंगलात आले. हल्याळ भागातील कितीतरी सिद्दी आपल्यासारखेच कॅथलिक आहेत, कोकणी बोलतात, त्याच पवित्र मरियेची जपमाळ करतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. तरीही बाजारात, एस.टी.त त्यांच्या केसांवरून, रंगावरून हसणारे हसतातच.

इथे आपली परीक्षा आहे. मिशन रविवारी आफ्रिकेच्या मुलांसाठी शंभर रुपये टाकायचे आणि सोमवारी काळ्या रंगावरून मुलगी नाकारायची किंवा सिद्दी माणसाकडे पाहून हसायचे, हे प्रभूला चालेल काय? फिलिप रथात शेजारी बसला होता. आपण एस.टी.त शेजारी बसतो का?

पोप सहावे पॉल यांनी १९६९ साली कंपाला येथे आफ्रिकेच्या लोकांना सांगितले की, आता तुम्ही स्वतःच आपले मिशनरी व्हा. आज आफ्रिकन धर्मगुरू इतर खंडांत जाऊन सेवा करतात. देणारे कोण आणि घेणारे कोण, ही जुनी वाटणी मोडली आहे. आपल्याकडे येणारे अनेक धर्मगुरू आणि धर्मभगिनीही दुसऱ्या प्रांतातून येऊन, मराठी नव्याने शिकून आपल्यात राहतात. त्यांचा एखादा शब्द चुकला तर हसू नये, प्रेमाने सुधारून द्यावा. कोणा घरातील मुलाने वा मुलीने दूरदेशी सेवेला जायची इच्छा बोलून दाखवली, तर आईवडिलांनी लगेच विषय बदलू नये. आधी ऐकून घ्यावे.

कुटुंबात आणि समूहात चर्चेसाठी

१. प्रेषितांची कृत्ये ८:२६-४० वाचून, फिलिपने बोलण्याआधी काय काय केले ते मुलांना सांगायला लावा.
२. पाएझ आणि मेंडेस यांच्यापैकी आपण घरात, शाळेत वा समूहात कोणासारखे वागतो?
३. रंग, जात किंवा बोलण्याच्या ढबीवरून आपण कोणाला दूर ठेवले आहे का? या आठवड्यात त्याच्यासाठी काय करता येईल?
४. आपल्या ओळखीत कोणी परदेशात वा परप्रांतात सेवेत असेल, तर त्यांना सर्वांच्या सह्यांनिशी एक पत्र लिहावे.

प्रार्थना

हे प्रभो येशू, तू आमच्यात येऊन आमचीच भाषा बोललास. दूरदेशी शिकवणाऱ्या तुझ्या सेवकांना आरोग्य दे, एकटेपणात त्यांच्या जवळ राहा. त्यांच्या वाट पाहणाऱ्या आईवडिलांचे सांत्वन कर. आमच्या शेजारच्या प्रत्येक माणसात तुझा चेहरा ओळखण्याची कृपा आम्हांला दे. संत फ्रान्सिस झेवियर, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.