घटक ४ : आजारपण आणि गावी परतणे : किनारपट्टीवरील ललित गद्याचे वाचन

४.१ प्रास्ताविक

बालपणीच्या गावी परतणे हा मराठी ललित गद्यातील अतिशय रुळलेला विषय आहे. कोकण किनाऱ्याविषयीच्या लेखनात तर तो पदोपदी भेटतो. मात्र परतण्याचे कारण घरातील आजारपण असेल, तर त्या लेखनाचे स्वरूप बदलते. हा बदल नेमका कोठे होतो आणि अशा लेखनात आठवण कोठे उपयोगी पडते व कोठे आड येते, हे या घटकात पाहावयाचे आहे.

४.२ सणाचे गाव आणि अवेळचे गाव

पोटासाठी मुंबईला गेलेला कोकणी माणूस म्हणजे चाकरमानी. त्याचे गावी येणे ऋतुमानाने आणि पंचांगाने ठरलेले असते : शिमगा, मे महिन्याची सुट्टी, गणपती. या दिवसांत घर सारवलेले असते, अंगणात मांडव असतो, माणसे बोलकी झालेली असतात. गाव जणू त्याच्यासाठीच सज्ज होऊन बसलेले असते. त्याच्या मनातील गाव हे असे सणाचे गाव असते आणि तेच पुढे त्याच्या लेखनात उतरते.

आजारपण पंचांग पाहून येत नाही. भाद्रपदात येणारा मुलगा आषाढात येतो, तेव्हा त्याला ओल धरलेल्या भिंती दिसतात, होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या दिसतात, भर दुपारी रिकामी पाणंद दिसते. यातील कोणतीही गोष्ट नवी नसते. वर्षातील बहुतेक दिवस गाव असेच असते. फक्त परतणाऱ्याने ते कित्येक वर्षांत पाहिलेले नसते. म्हणूनच आजारपणातील परतणे हे आठवणीला दुजोरा देत नाही, तर ती तपासून पाहते. आपल्या विषयाचे मर्म येथे आहे.

४.३ बातमीचे साधन आणि कथनाची घडण

बातमी कशी येते, यावरही कथनाची रचना अवलंबून असते. तारेचा काळ आठवून पाहा. आई अत्यवस्थ आहे, त्वरित निघा, एवढाच मजकूर असे. आणि पुष्कळदा तार हाती पडताच घरात रडारड सुरू होई, कारण वाईट बातमी सौम्य करून कळवण्याची रीत सर्वांना ठाऊक होती. पुढील सारा प्रवास अज्ञानात होई. पावसाळ्यात किनाऱ्यावरील बोटींची वाहतूक बंद असे, त्यामुळे घाटातून एसटीने जाण्यावाचून गत्यंतर नसे. अशा कथनात प्रवास हाच कथेचा गाभा ठरतो, आणि पोहोचणे हा शेवट.

कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला झाला. तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. तत्पूर्वीच दूरध्वनीने तिची जागा घेतली होती. आता परतणारा सर्व काही जाणून घेऊन निघतो : तपासण्यांचे आकडे, डॉक्टरांचे म्हणणे, रात्रीचा ताप. ‘पोहोचेपर्यंत माणूस असेल का’ हा प्रश्न बव्हंशी मागे पडतो आणि ‘पोहोचल्यावर मी काय करणार’ हा प्रश्न उरतो. नव्या कथनाला म्हणूनच उंबरठ्यापासून सुरुवात करावी लागते. रेल्वेच्या खिडकीतून दिसणाऱ्या बोगद्यांचे आणि खाड्यांचे लांबलचक वर्णन अशा लेखनात पुष्कळदा केवळ सवयीने येते.

४.४ अभ्यासासाठी उतारा

पुढील उतारा या घटकासाठी तयार केलेला आहे. तो दोनदा वाचा.

“सकाळच्या गाडीने ती उतरली आणि पुळणीच्या वाटेने घरी आली. बाबांची खाट ओटीवरून माजघरात आणली होती. वहिनी त्यांना पेज भरवीत होती. शेजारची काकी दारात आली.

‘कधी इलंस गो?’

‘आत्ताच, काकी.’

‘मगे जातलंस कधी?’

तिने वहिनीकडे पाहिले. वहिनीने चमचा भरला, बाबांचे ओठ पुसले.

बाबांनी मान वळवली. ‘भरती लागली काय?’

तिने मोबाइल काढला. वहिनी वाटी घेऊन उठली होती. जाता जाता म्हणाली, ‘अजून येळ आसा.’”

४.५ विवेचन

उताऱ्यात समुद्राला एकही विशेषण नाही. गाजही नाही. (कोकणावरील लेखनात गाज फार वाजते, हे आपल्या ध्यानात आले असेल.) तरीही समुद्र घरात आहे, तो वडिलांच्या प्रश्नातून. भरती दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. जो तेथे राहतो त्याला हा हिशेब करावा लागत नाही. तो अंगात भिनलेला असतो. मुलीलाही एके काळी तो ठाऊक असणार. आता तिला यंत्र लागते आणि परघरातून आलेली वहिनी न पाहता उत्तर देते. गावावर हक्क जन्माचा की वास्तव्याचा, हा प्रश्न लेखकाने कोठेही उच्चारलेला नाही.

काकीचे दोन प्रश्न प्रत्येक चाकरमान्याला आणि माहेरवाशिणीला विचारले जातात. सणाच्या दिवसांत त्यांत केवळ आपुलकी असते. आजारपणात मात्र दुसरा प्रश्न जड होतो. जाण्याचा दिवस सांगणे म्हणजे वडिलांच्या दुखण्याला मुदत घालणे. न सांगणे म्हणजे राहण्याचे वचन देणे. तिच्या उत्तरावर वहिनीचे पुढील कित्येक महिने अवलंबून आहेत. आठवणींच्या लेखनात शुश्रूषा करणारे माणूस बहुधा सावलीत राहते आणि चार दिवसांसाठी आलेल्याच्या व्याकुळतेवर सारा प्रकाश पडतो. हा दोष गौण नव्हे.

आणखी एक पेच अशा कथनात सुप्तपणे असतो : रुग्णाला मुंबईला न्यावयाचे काय? कोकणातील कठीण दुखणी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकडे गेली. परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून कार्यरत आहे. रुग्णासोबत आलेली माणसे लालबाग-परळच्या चाळींत आपल्या गावच्या बिऱ्हाडांत उतरत. म्हणजे गावी आलेला मुलगा पुष्कळदा घरी परतण्यासाठी नव्हे, तर घरातील माणसाला तेथून हलवण्यासाठी आलेला असतो. उपचार तेथे आहेत; येथे ओटी, माड आणि ओळखीची माणसे आहेत. रुग्णाच्या नकाराला ‘मातीची ओढ’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तो नकार कधी खर्चाच्या भीतीतून येतो, कधी परक्या बिऱ्हाडात ओझे होण्याच्या संकोचातून. लेखकाने यांपैकी कोणते कारण आहे ते शोधले पाहिजे.

जयवंत दळवी यांचे ‘सारे प्रवासी घडीचे’ या संदर्भात अवश्य वाचावे. तेथे गाव उभे राहते ते माणसांच्या स्वभावांतून. निसर्गवर्णनाचा भाग त्यामानाने थोडा आहे.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. उताऱ्यातील वहिनी एकच वाक्य बोलते. तिच्या मौनाचा अर्थ उताऱ्याच्या आधारे स्पष्ट करा.

२. मुलीऐवजी मुलगा परतला असता, तर काकीच्या दुसऱ्या प्रश्नाचा रोख कसा बदलला असता?

३. हाच प्रसंग वहिनीच्या निवेदनातून सुमारे २०० शब्दांत लिहा. समुद्राचा उल्लेख एकदाच करावा.