नर्सिंग होमसमोर उभं राहण्याआधी

मरोळ, अंधेरी (पूर्व)

चि. बाळ,

उपवासकाळात चर्चच्या तुमच्या युवक मंडळानं रोज संध्याकाळी स्टेशनजवळच्या एका नर्सिंग होमसमोर जपमाळ करायची, पाट्या धरायच्या आणि आत जाणाऱ्या बायकांशी बोलायचं ठरवलं आहे, असं तुझ्या आईकडून कळलं. ती घाबरली आहे. मला मात्र आधी आनंद झाला. पोटातलं मूल हे मूलच, असं मानणारे पुष्कळ असतात, पण त्यासाठी घराबाहेर पडणारे थोडे. माझी उमर लेबर वॉर्डात गेली. डॉपलरवर ते ठोके ऐकलेल्या बाईला हे कुणी पटवून द्यायला नको. म्हणूनच लिहिते आहे. जायचं असेल तर नीट जा.

तुम्ही जे व्हिडिओ पाहिलेत ते अमेरिकेतले. चाळीस दिवस क्लिनिकबाहेर प्रार्थना करण्याची ती मोहीम २००४ साली टेक्सासमध्ये सुरू झाली. तिकडे पुष्कळ ठिकाणी गर्भपाताचं क्लिनिक वेगळं असतं, आत कोण कशासाठी जातंय याचा अंदाज बांधता येतो. आपल्या अंधेरीत नर्सिंग होम म्हणजे खाली मेडिकल स्टोअर, वर दोन मजले, आणि सगळ्यांना एकच जिना. त्याच जिन्यानं बाळंतपणाला बाई जाते, मूल होत नाही म्हणून उपचार घेणारी जाते, आणि पोटातलं बाळ आपसूक गेलेली, पिशवी साफ करून घ्यायला आलेलीही जाते. ह्या शेवटच्या बाईचा चेहरा मी फार जवळून पाहिला आहे. तिनं ते बाळ मागून घेतलेलं असतं, कधी वेलंकणी मातेला नवस बोलून. तिच्या हातात तुम्ही अर्भकाचा फोटो छापलेलं पत्रक दिलंत तर काय होईल, याचा विचार मंडळातल्या एकानं तरी केला आहे का? चेहऱ्यावरून कोण कशाला आली आहे ते मला इतक्या वर्षांत ओळखता आलं नाही. रस्त्याच्या पलीकडून तुम्हाला ते कळणार नाही. म्हणून पाट्या नकोत, पत्रकं नकोत आणि फोटो तर मुळीच नकोत.

फोन खिशात ठेवा. १९७१ चा गर्भपाताचा कायदा आपल्या श्रद्धेला मान्य नाही आणि मलाही नाही. पण २०२१ च्या दुरुस्तीनं त्यात एक कलम आलं, त्याचा मी मनापासून आदर करते. बाईचं नाव आणि माहिती डॉक्टरनं उघड केली, तर त्याला एक वर्षापर्यंतची कैद होऊ शकते. डॉक्टरवर ही बंदी असताना तुमच्या एखाद्या व्हिडिओत ती जिना चढताना दिसली आणि तो तिच्या चाळीत, तिच्या सासरी पोहोचला, तर तुम्ही कुणाचा जीव वाचवलात? शिवाय पाच किंवा अधिक जणांच्या जमावाला बंदी करणारे आदेश मुंबई पोलीस वरचेवर काढतात. परवानगीशिवाय रस्त्यावर गट करून उभं राहू नका.

डिसेंबर २०२२ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला इझाबेल वॉन-स्प्रूस नावाच्या बाईंना क्लिनिकजवळ अटक झाली. हातात पाटी नव्हती, तोंडानं शब्द नव्हता, त्या मनातल्या मनात प्रार्थना करत होत्या. पुढच्या फेब्रुवारीत कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. ती अटक अन्यायाची होती असं मला वाटतं. पण त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट त्यांचं ते गप्प उभं राहणं आहे. तुम्हीही दोघी-दोघी जा, मनात जपमाळ करा आणि परत या. कुणाला कळलं नाही तरी चालेल, ज्याला ऐकू जायचं त्याला जातं.

आता जास्त महत्त्वाचं. ज्यांच्यासाठी तुम्ही उभं राहणार त्यातल्या बहुतेक जणी त्या दारात येतच नाहीत. भारतात २०१५ साली झालेल्या गर्भपातांचा अभ्यास ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला होता. अंदाज होता १ कोटी ५६ लाखांचा, आणि त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. म्हणजे ती मुलगी फूटपाथवर नसते. ती सीप्झमध्ये दागिन्यांच्या कारखान्यात शिफ्ट करत असते, कुणाच्या घरी भांडी घासत असते, आणि, बाळ, ती रविवारच्या मिस्सेला आपल्याच बाकावर बसलेली असते. तिला सगळ्यात जास्त भीती कुणाची वाटते? आपली. लग्नाआधी पोट दिसलं तर गावठाणात काय बोलतील याची. जन्माला न आलेल्या बाळांसाठी मोठ्यानं प्रार्थना करणाऱ्या आणि चर्चच्या आवारात त्याच मुलीवरून कुजबुजणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ही कुजबुज जोवर थांबत नाही, तोवर नर्सिंग होमसमोर उभं राहण्याचा आपला अधिकार लंगडा आहे.

आपल्या महाराष्ट्रात अशा बायकांना आसरा कुणी दिला ते शाळेत तू शिकली आहेस, पण या नजरेनं पाहिलं नसशील. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवा तेव्हा पोट पाडत, नाहीतर जन्मलेलं मूल मारून टाकत. फुल्यांनी त्यांच्या दारात जाऊन पापाची आठवण करून दिली नाही. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर इथे ठेवा, अशा अर्थाच्या जाहिराती शहरात लावल्या, आणि बाळंतपणं सावित्रीबाईंनी स्वतः निस्तरली. तिथे जन्मलेला एक मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांना तपासत राहिला. त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. ख्रिस्ती नसलेल्या या दोघांनी जे करून दाखवलं, त्याच्या जवळपास तरी आपण आहोत का? मदर तेरेसांनीही १९७९ साली ऑस्लोत नोबेल घेताना गर्भपाताविरुद्ध बोलताना हेच सांगितलं होतं, की दवाखान्यांना आणि पोलीस ठाण्यांना आमचा निरोप आहे, मूल मारू नका, आम्ही घेऊ. त्यांना तसं म्हणता आलं, कारण मागे पाळणे तयार होते.

तेव्हा आधी हे पाठ करा. सीप्झमधल्या मुलीचा ईएसआय कापला जात असेल आणि आधीच्या दोन हप्ता-काळांत सत्तर दिवसांचे हप्ते भरले असतील, तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. कित्येकींना हे ठाऊकच नसतं. महापालिकेच्या कूपरसारख्या रुग्णालयात तिचं बाळंतपण होऊ शकतं. पहिल्या बाळासाठी मातृ वंदना योजनेचे पाच हजार मिळतात, फॉर्म अंगणवाडीत भरायचा. मूल वाढवणं अशक्यच असेल, तर ते बालकल्याण समितीपुढे कायद्यानं सोपवता येतं, आणि आईला विचार बदलायला साठ दिवस असतात. तिला कुणी जबरदस्तीनं घेऊन आलं असेल, पोटात मुलगी आहे म्हणून किंवा नवऱ्याला नको म्हणून, तर तिच्या मर्जीविरुद्ध गर्भपात करवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली मोठा गुन्हा आहे, जन्मठेपेपर्यंत. हे तिला हळू आवाजात, एकटीला सांगायचं. पोटातल्याचं लिंग सांगणाऱ्या सेंटरची तक्रार मात्र लेखी करायची, महापालिकेच्या वॉर्डातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे. हे काम फूटपाथवर होत नाही.

कुणी आपणहून तुमच्याशी बोललीच तर वाद घालू नका. ‘तुझ्याबरोबर कुणी आहे का?’ एवढं विचारा आणि ऐका. खोटं आश्वासन देऊ नका. तुमच्या खिशात नसलेले पैसे, तुमच्या हातात नसलेली नोकरी तिला कबूल करू नका. आणि ती तरीही वर गेली आणि खाली आली, तर तिला रिक्षा करून द्या. तिच्यासाठी चर्चचं दार बंद झालेलं नाही. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सगळ्या धर्मगुरूंना कायमचा दिला, म्हणजे आपल्या फादरांकडेही ती पापनिवेदनाला येऊ शकते. हे आपल्याच माणसांना माहीत नाही.

येत्या शनिवारी चार वाजता मंडळातल्या दोघी-तिघींना घेऊन घरी ये. आधी महाकाली केव्हज रोडवरच्या होली स्पिरिट हॉस्पिटलच्या सिस्टरांना भेटू, मग वीरा देसाई रोडवर सेंट कॅथरिन्स होमला जाऊ. एखादी मुलगी आलीच तर तिला कुठे न्यायचं, रात्री कुणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून घेऊ. आणि एक खोली लागेल, बाळंतपणापर्यंत राहायला. माझी मागची खोली रिकामी आहे, ती मी देते. आणखी दोन घरांत अशी खोली मिळते का ते तुम्ही बघा.

तुझी,
मावशी