एका संगणकात अनेक संगणक : कमांड लाइनवरून आभासी यंत्रांची उभारणी

निवासी शाळेच्या संगणककक्षात एक अलिखित नियम असतो : नको तेथे हात लावू नये. तो अकारण नाही. एक संगणक बिघडला की त्यावर पाळीपाळीने बसणाऱ्या चार-पाच मुलांचा अभ्यास खोळंबतो. परंतु या नियमामुळे मूल टंकलेखन शिकते, सादरीकरण शिकते आणि संगणकाच्या अंतरंगापासून दूरच राहते. ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसवणे, डिस्कचे विभाग पाडणे, सर्व्हर उभा करणे या गोष्टी दोन-चारदा बिघडवल्यावाचून हाती येत नाहीत. घरी स्वतःचा लॅपटॉप असणाऱ्या मुलाला ती मुभा असते. वसतिगृहातील मुलाला नसते. ही दरी कमी करणारे एक साधन विनामूल्य उपलब्ध आहे. ते म्हणजे आभासी यंत्र, अर्थात व्हर्च्युअल मशीन.

कल्पना जुनीच आहे. १९६० च्या दशकात संगणक इतका महाग होता की एकेका माणसाला तो देणे अशक्य होते. तेव्हा अमेरिकेतील केंब्रिज येथील आयबीएमच्या संशोधन केंद्राने एकाच यंत्राचे असे विभाजन केले, की प्रत्येक वापरकर्त्याला आपल्यापाशी संपूर्ण संगणक आहे असे वाटावे. १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने ती प्रणाली बाजारात आली. आज लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम नावाची ही सोय आहे. ती २००७ मध्ये समाविष्ट झाली. क्लाउड म्हणून जी सेवा भाड्याने मिळते, तीही बव्हंशी दूरच्या इमारतीतील आभासी यंत्रेच होत.

उभारणीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्रोसेसरमध्ये आभासीकरणाची सोय आहे काय. ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा ते सांगते. जुन्या संगणकांत ही सोय असूनही बायोसमध्ये बंद ठेवलेली आढळते. दुसरी गोष्ट मेमरीची. सोळा जीबी रॅमपैकी चार मूळ संगणकासाठी राखले, तर बारा उरतात. चित्रमय पडदा नसलेली डेबियन प्रणाली एक जीबीत सहज चालते. म्हणजे एका बऱ्या संगणकावर बारा मुलांना बारा यंत्रे. कक्षातील जुने, मंद संगणक त्यांना जोडण्यापुरते पुरेसे होतात, कारण तारेवरून जायची असतात ती केवळ अक्षरे. खिडक्या आणि बटणे वापरूनही हे सारे करता येते, पण बारा यंत्रांसाठी बारा वेळा तेच क्लिक करण्यात शिक्षकाची सकाळ जाते. कमांड लाइनवर एकदा लिहिलेली ओळ नाव बदलून पुन्हा वापरता येते, शिवाय वहीत उतरवून ठेवता येते.

यंत्र निर्माण करणारी आज्ञा ‘व्हर्ट-इन्स्टॉल’. (येथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, टंकताना अर्थातच रोमन अक्षरे.) तिला यंत्राचे नाव, मेमरी मेगाबाइटमध्ये, प्रोसेसरांची संख्या, डिस्कचा आकार आणि प्रणाली कोठून बसवायची ते सांगावे लागते. वीस जीबीची डिस्क मागितली तरी आरंभी तितकी जागा व्यापली जात नाही. लिहिले जाईल तशी फाइल वाढते. पुढचा सारा कारभार ‘व्हर्श’ या आज्ञेकडे. ‘व्हर्श लिस्ट’ला ‘ऑल’ जोडले की बंद-चालू सर्व यंत्रांची यादी मिळते. ‘स्टार्ट’ने यंत्र सुरू होते, ‘शटडाउन’ने ते रीतसर बंद होण्याची विनंती केली जाते.

आता मुख्य मुद्दा. मिलिंदपञ्हात भदन्त नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, रथ म्हणजे नेमके काय? आस, की चाके, की जू? आभासी यंत्राबद्दल हाच प्रश्न विचारून पाहावा. त्याची एक व्याख्या असते, साध्या मजकुराची फाइल. एक डिस्क असते, तीही फाइलच. आणि चालू असताना मूळ संगणकात एक प्रक्रिया धावत असते. या तिघांचा मेळ म्हणजे यंत्र. हे उमगले की आज्ञांची फसवी नावे घाबरवीत नाहीत. ‘डिस्ट्रॉय’ म्हणजे विनाश, असे समजून मुले तिला भितात. वस्तुतः ती केवळ धावती प्रक्रिया तोडते, जणू वीज खेचली. व्याख्या आणि डिस्क तशाच राहतात, मात्र न लिहिलेले काम जाऊ शकते. याउलट ‘अनडिफाइन’ हा सौम्य वाटणारा शब्द यंत्राची व्याख्याच पुसतो. तेव्हाही डिस्क उरते. ती जाते ‘रिमूव्ह-ऑल-स्टोरेज’ हे शब्द जोडल्यावर. ते जोडताना यंत्राचे नाव दोनदा वाचावे.

शिकणाऱ्यासाठी सर्वांत मोलाची आज्ञा ‘स्नॅपशॉट-क्रिएट-अ‍ॅज’. तिने यंत्राची त्या क्षणाची अवस्था जपली जाते. मग मुलाने हवे ते पुसावे, मोडावे. ‘स्नॅपशॉट-रिव्हर्ट’ने यंत्र पूर्ववत होते. मात्र स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो. ती डिस्क गेली तर दोन्ही गेले. वेगळी प्रत ठेवायलाच हवी.

बारा यंत्रांसाठी प्रणाली बारा वेळा बसवू नये. एक आधार-डिस्क तयार करून ‘क्यूईएमयू-आयएमजी’ने तिच्यावर बारा पातळ थर द्यावेत, प्रत्येक थरात त्या मुलाने केलेले बदल तेवढेच साठतात. पुढे आधार-डिस्कला हात लावायचा नाही. ती बदलली तर बाराही थर निरुपयोगी ठरतात, म्हणून ती फाइल केवळ वाचण्याजोगी करून ठेवणे बरे.

राहिली विजेची बाब. ग्रामीण भागात भारनियमन आणि पावसाळ्यातील खंड गृहीत धरूनच चालावे लागते. मूळ संगणक यूपीएसवर असावा आणि वर्गाच्या सर्व यंत्रांना ‘ऑटोस्टार्ट’ लावलेला असावा. म्हणजे वीज आल्यावर मूळ संगणक सुरू होताच तीही आपोआप उभी राहतात.