घमेल्यावरची ढाल

सिल्वासात 19 फेब्रुवारीला शिवजयंतीचं नाटुकलं बसतं, तेव्हा ढाली हमखास पुठ्ठ्याच्या आणि सोनेरी कागदाच्या असतात. मराठ्यांची ढाल तशी नसे. ती गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची, काळपट आणि मध्ये फुगीर. तशी कागदाची करता येते, पण काम जानेवारीतच हाती घ्या. दमणगंगेकाठच्या पावसाळी हवेत खळ वाळत नाही, बुरशी धरते. (दादरा-नगर हवेलीच्या 2 ऑगस्टच्या मुक्तिदिनाच्या देखाव्यात मात्र ही ढाल नको, 1954 च्या पोर्तुगीजांविरुद्धच्या लढ्यात ढाली नव्हत्या. त्या लढ्यात उतरलेले बाबासाहेब पुरंदरे यांनी पुढे 1985 मध्ये ‘जाणता राजा’ हे शिवरायांवरचं नाटक रंगमंचावर आणलं, तिथे ढाली शोभल्या.)

साचा म्हणजे बांधकामावरचं लोखंडी घमेलं. ते पालथं घाला. बूड चपटं असेल तर वर शाडू थापून घुमट करा आणि प्लास्टिकचा कागद ताणून बसवा. काठाची बाहेर वळलेली पट्टी सोडून, तिच्या आत खडूने गोल आखून घ्या.

खळीसाठी एक वाटी मैदा पाच वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घाला. ते विषारी आहे, त्यामुळे भांडं पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका. खळ लावायचं काम मोठ्यांनीच हातमोजे घालून करावं.

कागदाच्या दोन इंची पट्ट्या फाडा, कात्रीने कापू नका. फाटलेली कड सपाट बसते. एक थर वर्तमानपत्राचा, दुसरा खाकी कागदाचा, म्हणजे कुठे जागा सुटली ते लगेच दिसतं. प्रत्येक थर आधीच्याला आडवा पडला पाहिजे. सगळी ताकद त्यातच आहे. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे सापडलेली तिसऱ्या शतकातली रोमन ढाल पातळ लाकडी पट्ट्यांच्या एकमेकींना आडव्या थरांचीच आहे, आणि तिची जाडी जेमतेम 5-6 मिलिमीटर. आपण बारा थर देऊ. दर तीन थरांनंतर कडकडीत वाळू द्या. घाई केली तर आतला ओलावा अडकून ढाल वाकते. शेवटी मांजरपाटाचा एक थर.

साच्यावरून काढून कड सारखी कापा. काठावर बांबूची पातळ कामटी वळवून दोऱ्याने शिवा आणि वर कापडाची पट्टी चिकटवा.

आता फुलं. लोक इथेच चुकतात. ढालीवरची चार फुलं निव्वळ शोभेची नसत. त्यांच्या खिळ्यांची टोकं पाठीमागच्या कड्यांना धरून ठेवत आणि त्या कड्यांत मुठीचे पट्टे ओवलेले असत. म्हणून फुलं मध्याभोवती चौकोनातच हवीत, काठाजवळ चिकटवलेली नव्हेत. भातुकलीतल्या चार पितळी वाट्या घ्या, आत एम-सील भरा, सुकल्यावर मधोमध भोक पाडा. बाहेरून गोल डोक्याचा बोल्ट वाटीतून आणि ढालीतून आत न्या. मागे जुन्या चामडी पट्ट्याची टोकं त्यात अडकवून रुंद वॉशर आणि नट आवळा. कडी वगळली तरी ओढ बोल्टवरच येते. दोन्ही पट्टे एका मुठीत धरायचे, म्हणून बोटं मावतील इतके सैल ठेवा. मुठीच्या पाठीशी कापूस भरलेली चौकोनी गादी शिवा, नाहीतर बोटांची हाडं सोलवटतील.

रंग आधी गडद तपकिरी, त्यावर पातळ काळा. ओला असतानाच फडक्याने अर्धवट पुसा, म्हणजे कातड्याचा भास येतो. वरून वार्निशचा एकच हात. सोनेरी रंगाचा मोह टाळा.

ही ढाल रंगमंचापुरतीच आहे. तालमीत तिच्यावर लाकडी तलवार हलकेच टेकवा. लाठीचा खरा घाव ती झेलणार नाही.